काचेवरची वळी

आस्गेईरने माती आणली ती दुधाच्या कॅनमधून.
खरं तर नळकांड्यातून आणायची असते, दोन्ही तोंडं मेणाने बंद करून,
झोपलेलं मूल गाडीतून घरात न्यावं तशी.
पण परवा रात्री त्याच्या खालच्या कुरणात
कुंपणाचा एक खांब कंबरभर आत गेला,
मग त्याला राहवलं नाही.

‘फावड्याने कापून घेतलेला ढेकूळ होता,’ तो म्हणाला,
‘लोण्यासारखा, कडा धरून होता.’
झाकण उघडलं तर आत राखाडी ताक.
चाळीस किलोमीटरचा रस्ता, वाटेत दोन लाकडी पूल.
‘पाणी कोणी ओतलं यात?’

कोणीच नाही.
पाणी आतच होतं, आस्गेईर,
तू या शेतावर जन्मलास तेव्हाही एवढंच होतं.

मी थोडी माती बशीत घेतली, वजन केलं, भट्टीत ठेवली.
रात्रभर वाळेल, उद्या आकडा मिळेल.
सत्तावीस वर्षं हेच करते, त्यामुळे बोटांना
आकडा आदल्या दिवशीच कळतो.

त्याने वरच्या शेतातलीही थोडी आणली होती,
पुडक्यात, भाकरीसारखी बांधून.
ती मी काचेवर घेतली आणि तळव्याने वळू लागले,
शेवयांसाठी वळतात तशी, पण घाई न करता.
ओली होती तेव्हा काचेला चिकटून राहिली.
हाताच्या उबेने पाणी जरा उडालं
आणि ती ऐकू लागली:
पेन्सिलएवढी, मग दोऱ्याएवढी.
पुन्हा गोळा केली, पुन्हा वळली.
तीन मिलिमीटरवर अंगभर चिरा गेल्या, तुकडे झाले.
इथे थांबायचं. इथे मातीचं ऐकणं संपतं.

तुकडे पडण्याच्या या जागेपासून
वाहून जाण्याच्या त्या जागेपर्यंत
जेवढं पाणी मावतं, तेवढंच तिचं आज्ञाधारकपण.
विटा, मडकी, चिखलात उमटलेली गाईची खुरं,
सगळं त्या मधल्या पट्ट्यातलं.
वरच्या शेतात तो पट्टा ऐसपैस आहे.
नांगर कधी घालायचा ते तुझ्या वडिलांना चालताना टाचेवरून कळायचं,
वाफसा कसला, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

खालचं कुरण वेगळं.
ते समुद्राचा तळ होतं.
तेव्हा कण एकमेकांना टेकून बसले, पत्त्यांच्या घरासारखे,
आणि मिठाने त्यांना धरून ठेवलं.
मग जमीन वर आली, आणि हजारो वर्षं
गोडं पाणी आतून हळूहळू झिरपत राहिलं,
कसलाही आवाज न करता मीठ घेऊन गेलं.
घर तसंच उभं राहिलं.
मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात;
ही तर घट्ट लागते.

तो गप्प बसला, टोपी गुडघ्यावर.
मग मी एक गोष्ट केली जी अहवालात लिहीत नाही.
डब्याच्या डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं,
उकडलेल्या अंड्यासाठी ठेवते ते,
आणि कॅनमध्ये टाकून लाकडी चमच्याने ढवळलं.
ताक दाटलं. चमचा उभा राहिला.

आस्गेईर बराच वेळ चमच्याकडे बघत होता.
‘अख्ख्या कुरणाला किती लागेल?’
हसण्यासारखं नव्हतं, म्हणून मी कागदावर गुणाकार केला.
त्याने उत्तर वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली.

‘घर कुठे आहे?’
‘कुरणाच्या काठावर.’
‘ट्रॅक्टर?’
‘उतारावर. बोर्गहिल्ड दुपारी चालू करते, चाऱ्यासाठी.’

पावणेबारा झाले होते.
मी फोन त्याच्याकडे सरकवला.
पलीकडे घंटा वाजत होती, वाजतच होती,
आणि तो दोन्ही हातांनी कॅन धरून बसला होता,
अगदी सपाट, अगदी न हलवता,
आता त्याची गरज नव्हती तरी.