नोंद नसलेली थाळी

देवबागला रापण ओढतात तेव्हा
दोर आधी कमरेला कळतो, मग खांद्याला,
मग कुठे समुद्राला.
बाबलकाका चौतीस वर्षं उजव्या दोरावर.
आता हात कानापर्यंत जात नाही,
सदरा काकी घालते.

मी प्रयोगशाळेत हेच करते, लहान करून:
सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर पेशी पसरायच्या,
सेकंदाला एकदा ताणायच्या,
शंभराला सहा. रात्रभर.

आमच्यात तिला कंडरा म्हणतात.
काका म्हणतात शीर. टाचेची ती धोंडशीर;
खांद्याच्या शिरेला वेगळं नाव नाही,
दुखेपर्यंत तिला कुणी हाक मारत नाही.

"माझ्या बापाशीनच दिल्यान काय गो ह्या दुखणा?"

मी वाळूत बोटाने लिहिलं: गज. खिडकीचा.
वर एक टिंब दिलं: गंज.
अक्षरं तीच, काका, वाडवडिलांनी दिली तशीच.
टिंबं मागाहून पडत गेली,
ओढण्याची, विडीची, बंदीच्या उपाशी महिन्यांची,
आणि पेशी विसरली काय विणायचं ते.
दोराच्या जागी गुंता विणू लागली.

"मगे टिंब पुसूचा," म्हणाले,
आणि पायाने पुसलंही.
टिंबाबरोबर अर्धा ग गेला.
तिसऱ्या वर्षापासून माझं औषध
नेमकं इथेच अडलंय.

ऑपरेशन कुडाळला ठरलं होतं.
संमतीचा फॉर्म मीच मराठीत केलेला, तरी वाचताना अडखळले:
शस्त्रक्रियेत काढलेला निकामी भाग
संशोधनासाठी देण्यास माझी हरकत नाही.
'निकामी'वर त्यांचं बोट थांबलं.
मी शब्द खोडून वर 'उरलेला' लिहिलं.
आता सगळा कागद समितीकडे पुन्हा जाणार.

सही डाव्या हाताने. आडनाव रेघेबाहेर.

"थंयसर पण वडतलंस तेका?"
हो, म्हटलं.
"रातभर?"
हो.
कानामागची विडी त्यांनी काढली, बघितली, परत ठेवली.
"एक तुकडो बाजूक ठेव गो.
तेका बसान ऱ्हवांदे."

न ताणलेल्या पेशी लागतातच, तुलनेला.
पण कोण ताणात, कोण विसाव्यात
हे चिठ्ठी ठरवते, मी नाही.
तसा नियम आहे, आणि तो बरोबर आहे.

गुरुवारी बर्फातून नमुना आला, क्रमांक एकोणीस.
चिठ्ठी निघाली: ताण.
मोटार सुरू केली.

एक थाळी जास्तीची भरली होती.
ती उबेच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, अगदी मागे.
दिवसाआड तिचं पोषक पाणी बदलते.
वहीत तिची ओळ नाही,
प्रबंधात असणार नाही.
काल सूक्ष्मदर्शकाखाली धरली:
पेशी कशाही पसरलेल्या, एकीची दिशा दुसरीला नाही,
जाळं रिकामं करून
होडीच्या सावलीत लवंडलेल्या माणसांसारख्या.