रांजण

बोलायला लागलो की पहिलाच शब्द उंबऱ्यात अडतो,
म्हणून लिहितो.
मी सिलास खंडारे, वय एकाहत्तर,
खैरखेडा फाट्यापासून अर्ध्या कोसावर राहतो.

एकोणिसाव्या वर्षी, जानेवारीच्या मेळाव्यात,
मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून
मी प्रभूला म्हणालो होतो, सगळं तुझं, घे.
मनातच म्हणालो. तोंडानं म्हणालो असतो
तर 'स'वरच पहाट झाली असती.

जबलपूरच्या सेमिनरीत पहिल्या संदेशाला उभा राहिलो
आणि 'प्र'वर थांबलो.
प्र. प्र. प्र.
पेट्रोमॅक्स फसफसत होता, कुणीतरी खोकलं,
समोरच्या बाकावरच्या पोरानं माझ्या वतीनं डोळे मिटले.
प्राचार्य चांगले होते. म्हणाले,
देवाच्या घरी बाकीचीही कामं असतात.
ट्रंक घेऊन परत आलो.
बापानं काही विचारलं नाही,
फक्त शेळीचं दावं हातात दिलं.

पुढे मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं पाणी भरलं.
बाळंतिणींना ऊन, जखमांना उकळून गार केलेलं,
मेलेल्यांना साधं.
मग दवाखान्याला कुलूप लागलं.
किल्ली कुणाकडे आहे, नक्की कुणालाच माहीत नाही.
रविवारी देवळात नऊ जण,
त्यातला एक पेटी वाजवणारा.

लीदिया म्हणाली, हात रिकामे राहिले की
फार कटकट करता तुम्ही.
फाट्यावर लिंबाखाली दोन रांजण मांडले ते तिनंच,
गळ्याभोवती ओलं गोणपाट.

पहिल्या उन्हाळ्यात लोक यायचे, पेला उचलायचे, विचारायचे,
'कोनाचं पानी व्हय हे?'
मी सांगेपर्यंत (मला वेळ लागतो)
दुसराच कुणीतरी सांगून टाकायचा.
पेला खाली. मग सेहेचाळीस डिग्रीत
कोरड्या ओठांनी एस.टी.ची वाट.
प्रभू विहिरीवर बसून परक्या बाईकडे पाणी मागत होता;
माझं तर कुणी मागायच्या आधीच भरलेलं होतं.
एका सकाळी धोंडा सापडला, भोवती खापऱ्या.
दुसरा रांजण आणला.

कानाच्या लग्नातल्या चाकरांचा मी फार विचार करतो.
त्यांना सांगितलं, भरा. त्यांनी काठोकाठ भरले.
पुढचं त्यांच्याकडे नव्हतं.
वाहवा झाली ती नवऱ्या मुलाची.
चाकर हात पुसत मागच्या दारानं गेले असतील,
कोपरापर्यंत ओले.

तिसऱ्या की चौथ्या मे महिन्यात एक बाई उतरली,
कडेवर तापानं फणफणलेली पोर.
तिनं विचारलं नाही कोणाचं.
ओंजळीनं प्याली, मग ओंजळ भरून
पोरीच्या टाळूवर ओतली, एकदा, पुन्हा, तिसऱ्यांदा.
मी मान वळवली.
बाप्तिस्मा द्यायचा अधिकार मला कधी मिळाला नाही.
आणि हा बाप्तिस्मा नव्हताच; पोर तिची, देव तिचा,
पाणी तेवढं माझं, तेही खरं तर विहिरीचं.
पण तिन्ही वेळा माझ्या तोंडातून काहीतरी
न अडखळता निघालं.
काय, ते लिहीत नाही.

आता बाटल्या आल्यात.
कधी कधी रांजण संध्याकाळपर्यंत तसेच भरलेले,
लिंबाला ओततो, उरलेलं कुत्र्याला.
लीदिया गेली त्यालाही दोन उन्हाळे झाले.
रात्री विचारतो त्याला, सगळं दिलं होतं की रे,
एवढंच घेतलंस?
तो बोलत नाही. त्यालाही वेळ लागत असेल.

पहाटे चारला विहिरीवर कप्पी कुरकुरते,
अडते, पुन्हा सुरू होते.
तिला कुणी घाई करत नाही.

डावीकडच्या रांजणाला बुडातून ओल सुटलीय.
आज बुधवार.
कुंभाराकडे जाऊन यावं लागेल.