सहा ते सात

कुशिरोत डिसेंबरात चारलाच अंधार पडायचा.
आई डबाबंद मासळीच्या कारखान्यातून आठला यायची,
साबणाला न जुमानणारा वास हातांवर घेऊन.
तोवर घर आम्हा दोघांचं. मी सतरा, त्सुनेओ अकरा.
आणि सहा ते सात, तिसरी एक बाई.

ती टोकियोतून बोलायची.
छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायची
तरी धाप लागलेली नसायची.
खेळ विकत आणलेला नव्हता, आभाळातून उतरायचा,
आणि ही बाई त्याच क्षणी सांगायची,
नदीपलीकडे धुकं आहे, दुकानदार दार लावतोय,
पाच मिनिटं उरलीत, पळा.
देशभरची पोरं म्हणे एकदम पळायची.
सातला गाव मिटायचं.
रडा, टीव्हीला थापा मारा,
उद्या सहाशिवाय उघडायचं नाही.

छत्री गॅलरीच्या कठड्याला.
बाबांनी बोटीवर जायच्या आदल्या दिवशी बसवलेली,
तोंड नैऋत्येला, आ वासून, बर्फ झेलायलाच जणू.
बोटभर बर्फ साचला की बाईचे तुकडे पडायचे:
धु— —कानदार— —ळा.
मग माझी नेमणूक झाली.
बाबांचे रबरी बूट, मोज्यांचे दोन जोड, केरसुणी.
तो आतून काचेवर टकटक करायचा,
एकदा म्हणजे ठीक,
दोनदा म्हणजे बाई तुटतेय.
रोज तासभर मी उपग्रहाची मोलकरीण.

खेळ मी पाहिलाच नाही.
काचेवरच्या वाफेतून त्याची मान दिसायची फक्त.
मान आखडली की राक्षस,
मान कलली की दुकान, पैसे कमी.

फेब्रुवारीतला एक गुरुवार.
टकटक नाही, दोन्ही तळवे काचेवर,
तोंड सारखं उघडतंय मिटतंय,
हात हलवतोय, ये, ये.
मला वाटलं, गेलं. सगळंच तुटलं.
मी जीव खाऊन झाडायला लागले.
जरा वेळाने तो वळला आणि जाऊन बसला.
सातला आत आले, कान लाकडाचे झालेले.
काय झालं होतं रे?
काही नाही, म्हणाला. चांगली ऐकू आली आज.

पुढे ती सेवा बंद पडली. आमच्याकडे त्याआधीच पडली होती,
त्याला मिसरूड फुटलं तेव्हा.

परवा आईचं कपाट रिकामं करताना यंत्र निघालं,
वर खोचलेली स्मरणाची कॅसेट.
तिच्यात एकच काही तरी मावायचं.
नवं हवं तर जुनं पुसा.
म्हटलं, ते गाव असेल. बघू तरी एकदा.

गाव नव्हतं.
आभाळातूनच उतरलेलं एक मासिक, वाचकांच्या पत्रांचं पान.
तिसरं पत्र: कुशिरो, इयत्ता पाचवी.
"आमची छत्री माझी ताई झाडते.
ती बाहेर असते म्हणून तिला तुम्ही ऐकू येत नाही.
गुरुवारी साडेसहाला तिचं नाव मोठ्याने घ्याल का?
मी तिला आत बोलावीन."
खाली उत्तर, एका शब्दाचं: घेऊ.

आवाज त्या कॅसेटमध्ये मावत नसे.
ते पान मी पुन्हा पुन्हा उघडलं, तरी उगाच
टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला.

रात्री त्याला फोन लावला.
तो तोमाकोमाईच्या रस्त्यावर, थंड मासळीचा ट्रक, वायपर चालू.
घेतलं होतं का रे तिने नाव?
बराच वेळ नुसता वायपर.
घेतलं, म्हणाला, पण चुकीचं.
साचिए लिहिलं होतं मी, ती युकिए म्हणाली.
अक्षरं तीच ना.
युकी. कानाला बर्फच ऐकू येतो त्यात.
मी इतकी हसले की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

मग म्हटलं, ठेवते, गाडी जपून चालव.
पलीकडून काचेवर टकटक.
एकदाच.