दोन सेकंदांचं काम

ट्रॅक्टर विकायचाय, असं दुकानाच्या दारावर लिहून लावलं
त्याला आठवडा झाला.
आज द्रोहिचिनहून एक पोरगा आला,
टिमेक नाव, बुटांना लाकडाचा ओला भुसा.
उर्सूसभोवती दोन फेऱ्या मारल्या,
टायरला लाथ घातली (सगळेच घालतात)
आणि विचारलं, चावी?

पहिली चावी सत्त्याऐंशी साली
बटाट्याच्या सरीत पडली.
बाबा म्हणाले, उगवेल पुढच्या वर्षी.
तोवर स्क्रूड्रायव्हर होता,
पिवळ्या मुठीचा, टोक वितळून बोथट झालेलं.
मागच्या चाकापुढे उभं राहायचं, वाकायचं,
स्टार्टरच्या दोन बोल्टांवर आडवा टेकवायचा.
निळी ठिणगी, जळक्या तारेचा वास,
आणि कोंबड्यांसकट सगळं अंगण धडधडत जागं.

आईने बाजारातून नवा स्विच आणला,
वर्तमानपत्रात गुंडाळून खिळ्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.
बाबा म्हणाले, बघू.

युक्ती काही बाबांची नव्हती.
पण वालेन्तीला दाखवली ती बाबांनीच,
कुंपण ओलांडून, हसत हसत.
मला अक्षरंसुद्धा इतक्या मायेनं शिकवली नसतील.

वालेन्तीचे ब्रेक ढिले, म्हणून ट्रॅक्टर
तो गिअरमध्येच उभा करायचा, उतारावर.
यंत्राला काय माहीत सीटवर कोणी नाही ते?
चल म्हटलं, ते चाललं.
मागचं चाक छातीएवढं उंच असतं
आणि माणूस नेमका त्याच्यापुढे वाकलेला असतो.

लेओकाद्या बीट काढत होती.
तिने मान वर केली तेव्हा
ट्रॅक्टर एकटाच शेत ओलांडून चालला होता.
ओढ्याकाठच्या आल्डरला टेकून थांबला,
चाकं मात्र फिरतच होती.

त्या रात्री बाबांनी ड्रॉवर उघडला.
दिवा मी धरला होता.
स्विच बसवला, तारा जोडल्या,
एकदा तार उलटी लागली, पुन्हा सोडवली.
तोंडातून शब्द नाही.
दफनाला गेले, पण फाटकाशीच थांबले, टोपी हातात.
वसंतात लेओकाद्याचं शेत नांगरून दिलं,
आणि पुढची नऊ वर्षं.
तिने नको म्हटलं नाही,
घरात बोलावलंही नाही.

मी चावी देते. टिमेक फिरवतो. काहीच नाही.
स्विच मेलाय, तो म्हणतो,
आणि उडी मारून उतरतो,
आणि खिशातून सराईतपणे बाहेर येतो
एक लाल मुठीचा.

थांब.
वर चढ आधी. सीटवर बस.
गिअर न्यूट्रलला आहे का बघ, हाताने हलवून बघ.
पाय क्लचवर.
बॅटरीची टोकं मी घासते,
तोवर खाली उतरायचं नाही.

अहो, दोन सेकंदांचं काम आहे, तो म्हणतो.

हो, मी म्हणते. दोनच.