कोरडी शिट्टी

टूसॉनला नदी आहे, असं नकाशा म्हणतो.
पुलावरून वाकून पाहिलं तर खाली नुसती वाळू,
एक उलटी पडलेली बाजारातली ढकलगाडी
आणि सरड्याच्या शेपटीनं ओढलेली रेघ.

तरी दर शनिवारी, रुळांपलीकडे पत्र्याच्या छपराखाली
आम्ही इंजिनासाठी वाळू चाळतो.
हो, वाळूच.
बॉयलरच्या पाठीवर वशिंडासारखा तिचा डबा असतो;
चाक घसरायला लागलं की
नळीतून चिमूटचिमूट रुळावर सोडायची.
डेल्बर्ट म्हणतो, इथली अशीच उचलून चालत नाही,
धूळ फार तिच्यात.
विमानं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस
आता फुटाणेवाल्यासारखा
कढईत वाळू परतत बसतो.

चाळीस वर्षं इंजिन बागेत उभं होतं.
पोरांनी घंटेचा लोलक पळवला.
धुराड्यात निवडुंगातल्या पाखरानं काट्याकुट्यांचं घर केलं.
कुणीतरी खिळ्यानं कोरलं होतं : लुपे, माफ कर.
रंग खरवडताना ती अक्षरं वाचवायला बघितली.
नाही वाचली.
पाचव्या थराखाली मात्र, टेंडरवर,
निराळाच आकडा निघाला.
म्हणजे पाण्याची टाकी दुसऱ्याच कुणाची,
सासरचं नाव लावून इतकी वर्षं
मुकाट मागे मागे चालत आलेली.
समितीत दोन तास वाद.
शेवटी आम्ही तो आकडा झाकला,
पण रंगाचा एक हात कमीच दिला.

उद्घाटनाला ओतीलिया ब्राकामोन्ते आल्या,
शहाऐंशीच्या, नातवाचा दंड धरून.
वडील एलेउतेरिओ इंजिनं पुसायचे;
गोऱ्या पुसणाऱ्यापेक्षा तासाला काही सेंट कमी,
आणि बढती कधीच नाही.
हे त्यांनी उन्हाविषयी बोलावं तसं सांगितलं.

भाषणं संपली. डेल्बर्टनं दोरी ओढली.
टाळ्या.
बाईंनी मान हलवली :
"ही कोरडी आहे."

खरंच होतं.
बॉयलर पेटवायची परवानगी नाही.
टेंडरमागे आम्ही कॉम्प्रेसर लपवला होता,
त्याच्या हवेवर वाजवली.

"वाफेची आधी थुंकते," त्या म्हणाल्या,
"आधी घशातलं पाणी, मग सूर.
जूनच्या उन्हात आम्ही पोरं मुद्दाम खाली उभी राहायचो.
आणि सोमवारी आई ओरडायची.
नळ्यांतली काजळी निघावी म्हणून
फायरमन भट्टीत वाळू फेकायचा,
काळा लोट थेट आमच्या धुण्यावर.
आई स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायची.
त्याला कळत असणार.
टोपी काढायचा."

डेल्बर्ट काही बोलला नाही.
शिडी लावली, गुडघे कुरकुरत वर चढला,
खिशातली पाण्याची बाटली शिट्टीच्या वाटीत रिकामी केली.
दोरी ओढली.

आधी नुसती गुरगुर.
मग एक फवारा, वेडावाकडा,
नातवाच्या इस्त्रीच्या शर्टावर, बाईंच्या चष्म्यावर,
आणि त्यामागून तो आवाज.

त्यांनी चष्मा पुसला नाही.
"जरा बरी," म्हणाल्या.

मी खाली पाहिलं.
काँक्रीटवर अकरा थेंब.
मोजून होईपर्यंत
आठ.