मुशीचा तळ

देरा. सोनेबाजाराच्या मागची गल्ली, रात्रीचे साडेअकरा.
झाडलोटीचं पोतं उघडतो:
कानशीचा कीस, सतरंजीची धूळ, केस,
हात पुसलेल्या चिंध्या, कुणाचं तरी विडीचं थोटूक.
हे सगळं जाळायचं. राख चाळायची.
राखेत मुरदाडशिंग, टाकणखार, चिमूटभर कणीक,
आणि मूस भट्टीत.

गाव पारे, विट्याजवळ. माणसंही पाऱ्यागत,
जिथं उतार दिसला तिथं गोळा झाली:
कोईमतूर, कटक, अमृतसर. मी इथं.
चुलते बजाबा एवढंच शिकवून गेले,
सोन्याला शिसं दाखव,
ते आपसूक त्याच्या पाठी तळाला जाईल.
वर उरेल ते कीट.

आज स्टुलावर शम्सा बसलीय.
निझव्याची, दगड शिकवते मस्कतला.
रुमालात लिंबाएवढा काळा दगड,
ओमानच्या माळावर पडलेला, कागदपत्रांसकट.
यंत्र आकडा देतं, ती बाजारातल्या हिंदीत म्हणाली,
मला डोळ्यांनी बघायचंय.

दगड कुटला. दहा ग्रॅम मुशीत.
भट्टीचं दार उघडलं तशी ती पुढं वाकली,
भुवया जळतील म्हणून मी हात आडवा धरला.
"पृथ्वीसुद्धा एकदा अशीच होती," ती म्हणाली.
"सबंध पातळ. लोखंड थेंबाथेंबानं खाली गेलं,
आणि जाताना सोनं, प्लॅटिनम,
हाताला लागेल ते घेऊन गेलं."

किती?
तिनं गुडघ्याला हात लावला.
सगळ्या जमिनीवर पसरलं तर इतकं.

मी मूस ओतली. साच्यात काच वर, शिसं खाली.
"मग बाजारात आहे ते?"
"ते उशिराचं.
खालचं दार मिटल्यावर आभाळातून पडलेलं.
लोखंड तर कधीच निघून गेलं होतं,
त्याला खाली न्यायला कुणी उरलं नव्हतं.
असं आम्हाला वाटतं," ती म्हणाली, "अजून भांडतोय आम्ही."

म्हणजे हे हजरचे डोंगर, ही खाडी,
पाऱ्याचा माळ, बजाबांचं परडं,
सगळं कीट?
ती हसली. "साधारण तसंच."

परड्यात कीटाचा ढीग होता आमच्या, काळा, काचेगत.
पायात घुसायचा म्हणून आई शिव्या घालायची.
कडेकडेनं तरवड उगवायचा त्याच्यात, पिवळाधमक.
इतकी वर्षं मी सांगत आलो, मोलाचं ते तळाला जातं.
कीटावर उभं राहूनच सांगत होतो.

हातोडीनं काच फोडून शिशाची गोळी मोकळी केली.
हाडाच्या राखेची वाटी लालबुंद, तीत गोळी.
शिसं धुरात गेलं थोडं, थोडं वाटीनं प्यायलं.
शेवटी एक लकाकी व्हायला हवी,
ती झाली की नाही कळलंच नाही,
मी तेव्हा चहा ओतत होतो.

भिंगाखाली एक ठिपका.
खसखशीचा दाणा त्याच्यापुढं कलिंगड.
आणि करडा. पिवळा नव्हे.
मला वाटलं, नाराज होईल.
ती टाळी वाजवून उठली, चहा सांडला.
"करडाच हवा! सगळे एकत्र आहेत त्यात,
इरिडियम, प्लॅटिनम, सोनं, सगळे एका गाडीतून आलेले."

तराजूचा काटा हलला नाही.
पण पावती करायची म्हणजे करायची, तपासणीवाले येतात.
वजन: काट्याखाली.
रंग: करडा.
मालाचा मूळ देश:

ओमान, ती म्हणाली. मी पेन टेकवलं.
थांब, ती म्हणाली.

बाहेर फज्रची बांग सुरू झाली.
ठिपका तिनं काचेच्या नळीत घातला, बूच लावलं,
नळी ओठांजवळ नेऊन पुन्हा खिशात ठेवली.
रकाना तसाच राहिला.

ती गेल्यावर मी झाडू घेतला.
तिच्या दगडाचा भुगा पडला होता ऐरणीभोवती,
काळा, बोटाला चिकटणारा.
तो पण पोत्यात भरला, बाकीच्या धुळीबरोबर.