काटा

पोत्यामागे दीड किलो काटा मारतात,
एवढंच लिहिलं होतं मी.
नाव नाही, आडनाव नाही.
रात्री साडेअकराला, बोडीच्या पाळीवर,
जिथं रेंजच्या दोन काड्या येतात.

लिहिलं हर्षलता लांजेवारच्या साइटवर.
तिनं ती धानाच्या भावासाठी काढलेली:
आज पवनीत काय, लाखांदुरात काय.
खाली मोकळी जागा, ज्याला जे सांगायचं त्यानं सांगावं.
लोक सांगायचे. थ्रेशर भाड्यानं देणे आहे.
तांबडी गाय, एक शिंग मोडकं, दिसल्यास कळवा.

मग दिल्लीत कायद्याचा मसुदा निघाला.
टीव्हीवर आठ चौकटी, आठही तोंडं एकदम उघडी.
एक म्हणाला, भिंत ज्याची, जबाबदारी त्याची.
दुसरा म्हणाला, मग भिंतीच कोण बांधेल?
तेवढ्यात बनियानची जाहिरात लागली.
हॉटेलातला ताराचंद म्हणाला,
"भजे थंडे होऊन रायले, खा आता."

मसुद्याची शाई ओली होती,
मिलमालकाची नोटीस मात्र पोचली.
मजकूर काढा. लिहिणाऱ्याचं नाव द्या.
जिल्ह्याच्या पेपरात, पान पाच:
'ऑनलाइन बदनामीचा अड्डा',
सोबत तिचा दहावीच्या सत्काराचा फोटो,
हातात नारळ.

बातमी देणारा आमच्याच मोहल्ल्यातला.
मिलच्या ऑफिसात त्यानं दोन कप चहा घेतला.
मी समोरून पोती वाहत होतो.
मला त्यानं विचारलं, "हात धुवाले पाणी कुठं हाय?"
काट्याजवळ तो गेलाच नाही.

हर्षलता बोडीवर भेटली, तिसऱ्या दिवशी.
"नंबर दिसते मले, भाऊ.
शेवटचे चार आकडे तोंडपाठ झाले."
मी अंगठ्यानं चिखल उकरत राहिलो.
"देतेस काय?"
ती पाण्याकडे बघत होती.
"मले इतकंच सांग, दीड का पावणेदोन?"

नाव तिनं दिलं नाही.
मीही दिलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आता साइटवर फक्त धानाचा भाव असतो.
खालची मोकळी जागा गेली.
काल बोधराम मिलवर विचारत आला,
गाय हरवली तर आता सांगायचं कुठं?
मी पोतं खांद्यावरून उतरवलं,
काट्यावर ठेवलं.
लाल आकडा थरथरला, वर गेला, खाली आला,
आणि जिथं त्याला थांबायला शिकवलंय
तिथं थांबला.